लागत नाही

सासूचा गुडघा एकशे दहा अंशांपर्यंत वाकला की समोरची खोली सुनेची होणार होती. हिशेब एवढाच होता. तो तिने मनात इतक्या वेळा मांडला होता की आता मांडायचीही गरज नव्हती, उत्तर आपोआप यायचं. त्या खोलीला रस्त्यावर उघडणारं स्वतःचं दार होतं, दोन खिडक्या होत्या, उजेड होता. एका भिंतीला तपासणीचं टेबल, समोर आरसा आणि लोखंडी दांडा, कोपऱ्यात बेसिन आणि दाराबाहेर तिच्या नावाची पाटी. फिजिओथेरपिस्ट म्हणून अकरा वर्षं तिने दुसऱ्याच्या दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे सोडवले होते. दवाखान्याचा मालक स्वतः फक्त ओळखीच्या पेशंटला हात लावायचा, बाकीच्यांच्या बाबतीत त्याचं एकच वाक्य असायचं, "मॅडम, जरा बघून घ्या." मॅडम बघून घ्यायच्या. पेशंट बरा झाला की मिठाईचा डबा मालकाच्या टेबलावर यायचा.

अडचण एकच होती. समोरच्या खोलीत सासू राहत होती.

खरं तर सासूची खोली वरच्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याने जिना नको म्हटलं तेव्हा ती तात्पुरती खाली आली. पलंग तात्पुरता आला, त्याच्यामागून कपाट तात्पुरतं आलं, मग टीव्ही तात्पुरता भिंतीत चार खिळ्यांवर ठोकला गेला. सुनेने ओळखलं, की ही तात्पुरती बाई आता हलत नाही. म्हणून गुडघा बदलण्याचा विषय तिने काढला, डॉक्टर तिने शोधला, रांगेत नंबर तिने लावला. नणंदेने फोनवर दोनदा आभार मानले. शेजारी म्हणाले, सून असावी तर अशी. ही वाहवा वरकड मिळकत होती. सुनेने तीही नाकारली नाही.

सासूला ह्यातलं काही कळत नव्हतं असं ज्याला वाटेल त्याने सासू पाहिलेली नाही. तयार शर्टांच्या कारखान्यात ती तीस वर्षं तपासनीस होती. शर्ट समोर यायचा, ती कॉलर उलटायची, शिवणीवरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "परत." कारागीर बायका तिला पाठीमागे 'परतबाई' म्हणायच्या आणि तिला ते माहीत होतं, आवडतही होतं. निवृत्तीनंतर शर्ट थांबले, अंगठा थांबला नाही. चहा परत, घडी घातलेली चादर परत, सुनेने आणलेलं चष्म्याचं घर परत.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. आख्ख्या शहराला वर-खाली करणारा हा माणूस घरात मात्र दोन मजल्यांच्या मधे अडकून असायचा. आई खाली काही म्हणाली की "बरं", बायको वर काही म्हणाली की "बघतो".

शस्त्रक्रिया नीट झाली. पहिल्या आठवड्यात गुडघा सत्तर अंश वाकला, दुसऱ्यात अठ्ठ्याहत्तर, तिसऱ्यात पंच्याऐंशी. आणि तिथे अडला. दहा दिवस झाले, पंच्याऐंशीच्या पुढे जाईना. सुनेकडे कोन मोजायची प्लास्टिकची दुहेरी पट्टी होती. रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी ती पट्टी सासूच्या पायाला लावायची आणि रोज सकाळी घरात भांडणाला तोंड फुटायचं.

"वाकवा अजून."

"एवढाच वाकतो."

"काल ह्याहून जास्त होता, आई."

"काल तू जास्त मोजलास."

"मी नाही मोजत, पट्टी मोजते."

"आणि पट्टी कोणाच्या हातात असते?"

मुलगा बूट घालत असला की सासू सुनेशी बोलणं सोडून त्याच्याशी बोलायची. "तुझ्या मालिशवालीला सांग, हा पाय आहे, लिफ्टचा दरवाजा नाही. ढकलून उघडत नसतो."

मालिशवाली हा शब्द सुनेला कुठे बसतो ते सासूने लग्नाच्या पहिल्याच वर्षी बरोबर हेरलं होतं. चार वर्षांचं शिक्षण, सहा महिने हॉस्पिटलात उमेदवारी, परवाना, आणि शेवटी मालिशवाली. सून दात आवळून पट्टी पिशवीत टाकायची. तिचंही एक अस्त्र होतं. ती सासूशी बोलताना आवाज अगदी मऊ करायची, लहान मुलाला बोलतात तसा. "छान हं, आई. उद्या अजून थोडं करू हं." सासूच्या मानेची शीर तटतटायची.

एका संध्याकाळी सून दवाखान्यातून लवकर परतली. रस्त्यावरूनच तिला खिडकीत सासू दिसली. खुर्चीत बसून सासू खाली पडलेलं काहीतरी उचलत होती, बहुधा चष्मा. त्यासाठी तिने शस्त्रक्रियेचा पाय खुर्चीखाली पार मागे ओढला होता, टाच खुर्चीच्या मागच्या पायाला टेकली होती. पट्टी लावायची गरज नव्हती. अकरा वर्षांच्या नजरेने सुनेने कोन वाचला, शंभरच्या पुढे.

सासूने मान वर केली. दोघींची नजरानजर झाली. सासूने पाय सरळ केला, पण घाईने नाही. चोरी पकडली गेल्यावर माणूस गडबडतो. सासूने पाय असा हळूहळू सरळ केला, जणू ती सुनेला म्हणत होती, बघितलंस ना? मग आता कर काय करतेस ते.

"तुझी आई नाटक करतेय," सुनेने नवऱ्याला सांगितलं.

"सूज तर खरी आहे ना?"

"सूज खरी आहे."

"मग?"

"मग आधी सूज उतरवते. पुढे काय कारण काढतात बघू."

म्हणून यंत्र आलं. दवाखान्यात पडून असलेलं, मालकाला विचारून आणलेलं. प्रवासात पाणी न्यायचा जाड डबा असतो तेवढा डबा. त्यात बर्फ आणि पाणी घालायचं, एक छोटा पंप ते गार पाणी नळीतून गुडघ्याला गुंडाळलेल्या पट्ट्यात फिरवत राहतो. बर्फाच्या पिशवीसारखं ते थोड्या वेळाने कोमट होत नाही, हाच त्याचा गुण आणि हीच त्याची भीती. पट्ट्याखाली सुती फडका हवा. वीस मिनिटांवर ठेवायचं नाही. आणि मधे मधे विचारायचं.

काय विचारायचं, हे सुनेला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. त्याच आठवड्यात खांद्याला पट्टा बांधताना तिने एका रंगाऱ्याला सांगितलं होतं, "आधी गार लागेल. मग चरचरेल. मग ठणकेल. मग काहीच लागणार नाही. लागत नाही म्हणालात की त्या क्षणाला मी पट्टा काढणार. तिथून पुढे हे औषध नाही."

"म्हणजे आमच्या बायकोसारखंच," रंगारी म्हणाला. "ओरडतेय तोवर ठीक. गप्प झाली की पळायचं."

सून मनापासून हसली. दवाखान्यात ती हसायची.

पण घरात ह्याच शब्दांचा वेगळा इतिहास होता. नवरा गेल्यावर सासूने दोन मुलं एकटीने वाढवली होती. दिराने मदत पुढे केली, तेव्हा ती म्हणाली, मला कोणाचं काही लागत नाही. भावाने बोलावलं, तेव्हाही तेच. पुढे वाक्य एवढं घासून धारदार झालं की ती ते कुठेही चालवायची. सुनेने विचारावं, "बाजारातून काही आणू?" "मला काही लागत नाही." "पंखा लावू?" "मला काही लागत नाही." सुनेच्या कानांना त्या वाक्यात शब्द ऐकू येणंच बंद झालं होतं. तिला फक्त दार आपटल्याचा आवाज ऐकू यायचा.

पहिले चार दिवस यंत्राने काम चोख केलं. सून संध्याकाळी पट्टा बांधायची, फोनवर वीस मिनिटांचा गजर लावायची, दर पाच मिनिटांनी विचारायची, "लागतंय का?"

"लागतंय तर काय! मेलं झोंबतंय."

"छान."

"मला झोंबलं की हिला छान वाटतं. फ्रीजमधला सगळा बर्फ माझ्या पायाला. घरात आलेल्या माणसाला कोमट पाणी प्यावं लागतंय."

पण सूज उतरली. टेपने मोजली तर दोन सेंटिमीटर कमी. आणि सूज उतरल्यावर गुडघा सासूचं ऐकेना. ती कितीही ताठ धरायची, तो ब्याण्णव वाकला, मग शहाण्णव. स्वतःच्याच अंगातला गुडघा फितूर झाल्यासारखी सासू त्याच्याकडे बघायची. सुनेने पट्टी पुसून ठेवता ठेवता आवाज मऊ केला, "पुढच्या महिन्यात जिना चढू हं आपण."

सासू काही बोलली नाही.

ह्या शांततेचा अर्थ सुनेने आपल्या सोयीने लावला आणि रविवारी सुताराला बोलावलं. खोलीत लाकडी आडोसा करायचा होता. एका बाजूला पेशंट तपासायचे, दुसऱ्या बाजूला बसायचं बाक. सासू जेवून आडवी होते त्या वेळेला, चारला, ये, असं तिने त्याला बजावलं होतं. पण सुतार दुसरीकडचं काम लवकर आटोपून तीनलाच दारात उभा राहिला. सासू पलंगावर बसलेली, रविवार म्हणून पट्टा दुपारीच बांधलेला, पंप घरघरतोय.

"येऊ का?" म्हणत सुतार आलाच. त्याने टेप काढली, भिंतीला लावली आणि पलंगाकडे बोट केलं. "हा इथून जाणार ना? मग फळी इथपर्यंत आणू."

"कोण जाणार?" सासूने विचारलं.

"पलंग हो, आजी. तुम्ही वर जाणार म्हणाल्या ना मॅडम, पुढच्या महिन्यात."

सुनेने डोळ्यांनी त्याला गप्प करायचा प्रयत्न केला. सुतार जाड भिंगांच्या चष्म्यातून टेपकडे बघत होता.

"मोज, बाबा, मोज," सासू म्हणाली. "मी हलत नाही. मी हलले तर तुझं माप चुकायचं."

पलंगामागची भिंत मोजायची म्हणून दोघांनी मिळून सासूसकट पलंग वीतभर पुढे ओढला. त्या ओढाओढीत पट्टा सरकला. सुनेने तो घाईघाईने पुन्हा बांधला. फडका एका बाजूला गोळा झाला होता, बाहेरच्या अंगाला पट्टा थेट कातडीवर बसला आणि नेहमीपेक्षा एक पीळ जास्त घट्ट. दवाखान्यात कोणा शिकाऊ मुलीने असा बांधला असता तर मॅडमनी तो सोडायला लावून तिच्याकडून तीनदा बांधून घेतला असता. इथे सुतार उंबऱ्याशी उभा राहून बेसिनची नळी कुठून न्यायची ते विचारत होता. गजर लावायचा राहिला.

सून बाहेर गेली, नळी दाखवली, परत दाराशी आली. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. तिथूनच तिने विचारलं, "आई, लागतंय का?"

"मला काही लागत नाही."

आवाज तोच, नेहमीचा. मान खिडकीकडे. सुनेच्या कानावर दार आपटलं. सुतारासमोर आपटलं, म्हणून जरा जास्तच जोरात.

"नसू दे," ती म्हणाली, आणि सुताराबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानात फळ्यांचे नमुने बघायला गेली.

फिकट रंगाची फळी चांगली की गडद, ह्यात वेळ गेला. फिकट रंगाने खोली मोठी दिसते, असं दुकानदाराचं म्हणणं. सून त्या फळीवर हात फिरवत उभी होती आणि तिच्या डोळ्यांसमोर पाटी होती. मग समोरच्या घड्याळात तिने सव्वाचार वाजलेले पाहिले, आणि तिला एकदम रंगारी आठवला. गप्प झाली की पळायचं.

ती पळाली.

पट्टा सुटता सुटेना. फडका कडेला गोळा होऊन पडला होता. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे हाडाच्या छोट्या उंचवट्यामागून पावलाकडे जाणारी नस अगदी कातडीखालून जाते, तिथे तळहाताएवढा भाग पांढराफटक पडला होता. हाताला मेणबत्तीसारखा लागत होता. सुनेने चोळलं नाही, एवढी अक्कल ठिकाणावर होती. कोमट पाण्यात फडका भिजवून ती लावत राहिली. हळूहळू कडा लाल झाल्या. मधला भाग पांढराच राहिला.

"पाऊल वर करा."

पाऊल पलंगाच्या कडेवरून लोंबत होतं. हललं नाही.

"आई, पाऊल. स्वतःकडे ओढा."

"ओढलं."

"कुठे ओढलं? पुरे झालं आता हे नाटक!" तिचा मऊ आवाज कुठल्या कुठे गेला होता. "खिडकीतून पाहिलंय मी तुम्हाला. सगळं येतं तुम्हाला. शंभराच्या पुढे वाकवता आणि मला पंच्याऐंशी दाखवता. उचला पाऊल!"

सासूने स्वतःच्या पावलाकडे पाहिलं. मग सुनेकडे. लग्नाच्या आठ वर्षांत सुनेने त्या चेहऱ्यावर पुष्कळ काही पाहिलं होतं, पण हे नव्हतं.

"अगं, उचलतेय मी," सासू म्हणाली. "उचलतेय ना?"

सुनेने पर्समधली सेफ्टी पिन काढली आणि पावलाच्या वरच्या बाजूला टोचली. एकदा, दोनदा, अंगठ्याजवळ. सासू तिच्या तोंडाकडे बघत होती, पिनेकडे नाही. टोचलेलं तिला कळलंच नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांनी संध्याकाळी हॉस्पिटलात पाय पाहिला तेव्हा मुलगा, नणंद आणि सून तिघंही खोलीत होते. डॉक्टरांनी पांढऱ्या भागाच्या कडेने बोट फिरवलं. मग म्हणाले, "किती वेळ होता पट्टा?"

"तास-सव्वा तास," सासू म्हणाली.

"सव्वा तास! कोणी बांधला?"

सुनेने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, रस्ताभर तिने ते जुळवलं होतं. मी बांधला. मी विचारलं होतं. त्यांनी मला सांगितलं होतं, अगदी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं.

"मीच," सासू म्हणाली. "मीच बांधला आणि मला डोळा लागला."

डॉक्टरांनी सुनेकडे पाहिलं. "आणि तुम्ही कुठे होता, मॅडम?"

"ती घरात नव्हती," सासू म्हणाली. हे मात्र शब्दशः खरं होतं.

सुनेने उघडलेलं तोंड मिटलं. मिटायला किती वेळ लागला ते नणंदेने पाहिलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: वरची कातडी जाईल, फोड येतील, ड्रेसिंग करावं लागेल. नस गारठली आहे. महिन्यांत जागी होईल, कदाचित पूर्ण, कदाचित अर्धवट. तोवर पाऊल वर धरून ठेवायला प्लास्टिकचा आधार घालायचा. जिन्याचं नाव काढायचं नाही; लोंबतं पाऊल पायरीला अडकलं तर नव्या गुडघ्यासकट कोसळायच्या.

बाहेरच्या लांब पॅसेजमध्ये मुलगा औषधांच्या खिडकीशी उभा असताना नणंदेने सुनेला बाजूला घेतलं.

"आईला दुपारी झोप लागलेली मी जन्मात पाहिली नाही, वहिनी."

"आईंनीच सांगितलं ना, ताई."

"तेच म्हणतेय. माझ्या शाळेत मी खोटं बोलले तेव्हा हिने स्वतः मला बाईंसमोर उभं केलं होतं. स्वतःच्या मुलीसाठी जी खोटं बोलली नाही, ती तुझ्यासाठी बोलली." नणंदेने पर्सची चेन लावली. "मी तुझ्या जागी असते तर माझी पाचावर धारण बसली असती."

सुनेची बसलीच होती.

सोमवारी सकाळी नवरा कामावर गेला आणि सून समोरच्या खोलीत आली. फोड आले होते. तिने ड्रेसिंग बदललं, आधाराचे पट्टे तपासले आणि खाली बघूनच विचारलं, "डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं होतं? सुनेने पाय गोठवला म्हणून? मग तुझा परवाना गेला असता. नोकरी गेली असती. मग तू दिवसभर घरात, माझ्यासमोर." सासूने उशी पाठीशी सारली. "एवढी शिक्षा मला झेपायची नाही."

"तुम्ही पट्टा काढू शकला असतात."

"शकले असते."

सुनेने मान वर केली.

"घड्याळ बघत होते मी," सासू म्हणाली. "वीस झाली, तीस झाली. म्हटलं, होऊ दे. आमच्याकडे अर्धवट शिवण पकडली की बाई म्हणायची, अहो, अजून शिवायची राहिलीय. म्हणून मी पकडायचेच नाही. पुरी करू द्यायचे. शेवटचा टाका पडला, दोरा तोडला, की मग शर्ट वर धरायचा, सगळ्यांना दिसेल असा. बोलायला जागाच राहायची नाही. तू परत आलीस की तुझ्या सुतारासमोर धरणार होते मी. दुखत तर काहीच नव्हतं."

"तेच तर! दुखत नव्हतं म्हणूनच..." सुनेचा आवाज चिरकला. "मी विचारलं होतं तुम्हाला. लागतंय का म्हणून विचारलं होतं."

"आणि मी सांगितलं होतं, लागत नाही."

"तुम्ही ते नेहमीच सांगता!"

"काल खरं सांगत होते."

पंप कोपऱ्यात बंद पडून होता. दोघी त्याच्याकडे बघत नव्हत्या. रंगाऱ्याने, कोणीही येऱ्यागबाळ्याने ते दोन शब्द उच्चारले असते, तर सून हातातलं टाकून धावली असती. त्या दोन शब्दांसाठीच ती अकरा वर्षं कान लावून उभी होती. फक्त ह्या तोंडातून आले म्हणून तिने ते ऐकले नव्हते. हे तिला कळलं आणि सासूलाही कळलं, आणि त्यामुळे दोघींपैकी कोणी वितळलं वगैरे नाही. उलट आता दोघींना एकमेकींची नेमकी जागा सापडली होती.

"आता ऐक," सासू म्हणाली. "पाय तूच हलवायचास. रोज सकाळी, दवाखान्यात जायच्या आधी, पूर्ण तास. पाऊल उचललं जाईपर्यंत. नाही उचललं गेलं तर कायमचं. मला बाहेरची कोणी नको. तुझ्या हाताला गुण आहे, हे मी कधी नाकारलं नाही. तोंडाला नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मला काल झोप लागली होती की नाही, हे मला नीट आठवून बघावं लागेल." सासूने फोन तिच्या हातात ठेवला. "सुताराला लाव. माझ्यासमोर."

सुनेने फोन लावला. फळी नको, आडोसा नको, काम रद्द, असं तिने सांगितलं. सुताराचा आवाज पलंगापर्यंत ऐकू येत होता. "अहो मॅडम, फळी कापून ठेवलीय मी! फिकटच घेतली, तुम्ही म्हणालात तशी. आता हिचं काय करू?"

"परत," सासू म्हणाली, सुताराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

पाच महिने गेले. गुडघा आता एकशे पंधरा वाकतो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की इतका उत्तम गुडघा वर्षात क्वचित बघायला मिळतो. पाऊल निम्मं उचललं जातं. आधार काढून चार पावलं चाललं की टोक फरशीला घासतं, तो सर्र आवाज घरभर ऐकू येतो. जिना बंदच आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा चकाकता डाग आहे, तिथे अजून काही कळत नाही. सून रोज तिथे बोट ठेवून विचारते आणि सासू कधी हो म्हणते, कधी नाही. त्यातलं खरं कोणतं हे सून आता तिच्या तोंडावरून ठरवत नाही, पिन काढते.

दवाखान्याचा मालक खूश आहे. यंत्र धुऊन-पुसून परत आलं आणि मॅडम आता स्वतःचं काही काढायचं बोलत नाहीत. नवऱ्याने न्हाणीघरात एक दांडा बसवून दिला आणि तो मजबूत आहे का हे दोघींना वेगवेगळं विचारलं. नणंद दर रविवारी येते, चहा घेते, वहिनीकडे बघते आणि काही विचारत नाही. ते न विचारणं सुनेला आठवडाभर पुरतं. सुताराला दोन दिवसांची मजुरी सोडावी लागली, फळी त्याने स्वतःच्या घरी कपाटाला लावली. सासूला खोली मिळाली, त्यासाठी अर्धं पाऊल द्यावं लागलं. सुनेचा परवाना वाचला. त्याच्या बदल्यात रोज सकाळी सात ते आठ ती समोरच्या खोलीत, स्वतःची होणार होती त्या खोलीत, एकाच पेशंटचं पाऊल मांडीवर घेऊन बसते आणि ते नीट, अगदी मन लावून हलवते.